रामटेके काकांचं डच

रामटेके काकांना डच येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांची समजूत उलटी आहे. मीही दिवाळीपर्यंत त्याच समजुतीत होतो. रोज दुपारी चारला तळमजल्यावरच्या त्यांच्या खिडकीतून, घशात काहीतरी अडकल्यासारखी एक भाषा ऐकू येते आणि तिच्या मागोमाग काकांचं मराठी: "तो म्हणून राहिला, बाई, चहा तरी घे."

काका सदर भागातल्या एका टॉकीजमध्ये तीस वर्षं सिनेमाचं मशीन चालवणारे ऑपरेटर होते. टॉकीज बंद पडली, तिथे कपड्यांचं दुकान आलं, काका घरी बसले. मग कधीतरी मोबाइलवर त्यांना हॉलंडचे जुने बोलपट सापडले. तिथला सिनेमा नुकताच बोलायला लागला होता, त्या काळातले. ते टीव्हीला जोडून बघतात.

"हेच काहून, काका?" मी एकदा विचारलं.

"तवा आवाज नवानवा होता गा! पाय, हा हिरो पोरीकडं नाही पाहून राहिला, फुलदाणीकडं पाहून राहिला. काहून? माइक तिच्यात लपवला हाय!"

तेव्हापासून मलाही त्या सिनेमांत फुलदाण्याच दिसतात. नायिका कितीही रडो, काका ढिम्म. पण दार आपटलं की मांडीवर थाप मारतात, "वा! काय आवाज घेतला दाराचा!"

शेजारी सुमनकाकू बसलेल्या असतात. साखरेनं त्यांची नजर नेली त्याला तीन वर्षं झाली. काका त्यांना अख्खा सिनेमा मराठीत सांगतात. डच शिकलात कुठे, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "कान तयार पाहिजे गा!"

दिवाळीत माझी मावसबहीण वैशाली आली. पाच वर्षं ॲमस्टरडॅमला राहिलेली. मी तिला मोठ्या कौतुकानं खाली नेलं. पडद्यावर स्वयंपाकघर होतं आणि एक जाडा गृहस्थ बायकोपुढे हातवारे करत होता. काका रंगात आले होते.

"तो म्हणते, माह्यं चुकलंच वं. तू खाली एकटी बसून सिनेमा पाहत होती, न मी वर मशीनपाशी. बाकीच्या बायकायचे नवरे बाजूले बसत. तुले कसं वाटत असन, मी कधी इचारलंच नाही."

वैशाली खुदकन हसून माझ्या कानाशी लागली. "अरे, तो विचारतोय, बटाटे जळालेच कसे?"

मी तिचा हात दाबला आणि दोघं उठलो. भिंत चाचपत काकू दारापर्यंत आल्या.

"तुह्या बहिणीले हसू आलं ना? ऐकलं म्या." मग हळूच म्हणाल्या, "त्यायले सांगू नोको. डच येत नाही त्यायले. मले पयल्या दिवसापासून माहीत हाय."

"मग काकू, हिंदी सिनेमे काहून नाही लावत?"

"त्याचे डायलॉग मले सारे पाठ हायेत. यायले बोलाले जागा कुठं राहते?" काकूंनी पदर सारखा केला. "साऱ्या संसारात 'वाढ' न 'जातो' याच्या वर माणूस बोलला नाही. आता रोज दोन तास बोलून राहिला. बोलू दे."

आतून हाक आली, "सुमन, ये वं. थांबवून ठेवला हाय."

"आली," म्हणत काकू वळल्या. टॉकीजमध्ये खाली कितीही शिट्ट्या झाल्या तरी ज्यानं चालू रीळ कधी थांबवलं नव्हतं, तो माणूस सोफ्यावरची उशी बाजूला सारून तिच्यासाठी जागा करत होता.