पेढीत सोफा आला

पेढीतली बाहेरची खुर्ची सोमवारी सकाळी साडेदहाला मोडली, तेव्हा तिच्यावर बाई बसल्या होत्या.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. गावातल्या दोन पिढ्यांचे कान त्यांनी पिळले होते. त्यामुळे त्यांची स्वतःची ठेव बेताचीच असली, तरी बाई जिथे पैसे ठेवतील तिथेच गाव ठेवत असे. गुंतवणुकीची ही पेढी शहाऐंशी वर्षांची. एवढ्या काळात तिने घेतलेले शेअर सहसा विकले नव्हते आणि फर्निचर तर कधीच बदललं नव्हतं. या खुर्चीचा एक पाय आखूड होता. त्याखाली गेली एकोणीस वर्षं, पेढीने जिचे शेअर घेतले होते त्या बटण कंपनीचा जाडजूड वार्षिक अहवाल होता. कुणी बसलं, की खुर्ची आधी डावीकडे कलायची, थोडा विचार करायची आणि मग सरळ व्हायची. सोमवारी तिने विचार केला नाही.

बाईंना लागलं काही नाही, पण मालक धाकटे साहेब हादरले. धाकट्या साहेबांचं वय त्र्याहत्तर. थोरले साहेब जाऊन तीस वर्षं झाली होती, तरी यांना बढती मिळाली नव्हती. त्यांची सून नुकतीच पेढीत बसू लागली होती. तिने त्याच दुपारी फोन फिरवला आणि मंगळवारी सकाळी तीन माणसांचा मऊ निळा सोफा हजर झाला. मोडकी खुर्ची हेडक्लार्कनी सुताराकडे पाठवून दिली.

मंगळवारी बाई राहिलेल्या सह्या करायला आल्या. सोफ्यावर दहा मिनिटं बसल्या. उठल्या आणि वळून त्याच्याकडे पाहिलं.

"काय रे, कुणाच्या पैशातून आणलात?"

हेडक्लार्क अठ्ठावन्न वर्षांचे होते, पण बाईंसमोर चौथीतच असायचे. "पेढीच्या, बाई."

"आणि पेढीत पैसे कुणाचे असतात?"

 हेडक्लार्क चौथीतही दुसऱ्याच प्रश्नाला अडकायचे.

बाई वाटेत औषधांच्या दुकानात एवढंच म्हणाल्या, "पेढीत सोफा आलाय." औषधवाल्याने शिंप्याला सांगताना त्यात स्वतःचं मत मिसळलं. "घर विकायचं असलं, की लोक आधी दाराला रंग देतात." शिंप्याने पुढे कुणाकुणाला काय सांगितलं कोण जाणे, पण बुधवारी पेढी उघडली तेव्हा दारात रांग होती. सोफा रिकामा होता. त्याच्यावर बसायची कुणाची छाती होत नव्हती.

साडेअकराला बटण कंपनीच्या चेअरमनचा फोन आला. "आमचे शेअर विकताय म्हणे?"

"कोण म्हणतं?" धाकटे साहेब ओरडले.

"आमचं गिऱ्हाईक आहे. शिंपी."

पाठोपाठ हेडक्लार्कना बाईंचा फोन. "उद्या अकराला येते. ठेव मोडायचे कागद तयार ठेव."

"बाईंनी मोडली, की संध्याकाळी शटर ओढायचं," धाकटे साहेब मटकन सोफ्यावर बसले आणि चटका बसल्यासारखे उठले. "हा आत न्या आधी!"

"आता आत नेला तर म्हणतील, लपवला," सून रडवेली होऊन म्हणाली. "बाबा, माझंच चुकलं."

"तुझं नाही गं. बसायला बरं असावं, असं इथे आजवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं."

हेडक्लार्क आणि सून सुताराकडे धावले. खुर्ची पॉलिश होऊन झळकत होती. चारही पाय सारखे.

"आता शंभर वर्षं हलणार नाही," सुतार म्हणाला.

"अहो, हलायला हवी!" सून म्हणाली.

सुतार दुखावला. "तीस वर्षं मी डुगडुगणाऱ्या वस्तू सरळ करतोय. उलटं काम माझ्या हातून होणार नाही. करवत तिथे आहे. मी पाठ फिरवतो."

सुनेने पॉलिश घासून काढलं. हेडक्लार्कनी पाय कापला. बोटभर कापायचा, तो घाईत दोन बोटं कापला गेला.

गुरुवारी अकराला बाई आल्या. रांग श्वास रोखून उभी. कोपऱ्यात ढकललेल्या सोफ्याकडे न बघता बाई खुर्चीवर बसल्या. खुर्ची डावीकडे कलली. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ तिने विचार केला. मग सरळ झाली.

बाईंनी वाकून खाली पाहिलं. "एकाचे दोन अहवाल झाले?"

"हो बाई."

"कंपनी तीच?"

"तीच, बाई."

"हं." बाईंनी कागद परत केले आणि मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या, "ठेव राहू दे!"

रांग पांगली. जो तो सहज फिरायला आल्यासारखा चालू लागला. धाकटे साहेब आत जाऊन तांब्याभर पाणी प्यायले.

बाई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी हेडक्लार्कना बोटाने जवळ बोलावलं. "थोडे पैसे काढायचेत."

हेडक्लार्कचा चेहरा पडला. "का, बाई?"

"तो सोफा केवढ्याला द्याल? परवा दहा मिनिटं बसले, तर दोन वर्षांत पहिल्यांदा कंबर गप्प बसली."

"पण बाई, तुम्हीच तर…"

"इथे नको रे तो," बाई म्हणाल्या. "माझ्या घरी कोण ठेवी ठेवायला येतंय?"