तेवीस वाघिणींचं न्हाणं

“…त्या आगगाडीपायीच गं! सरळ सांगितलं, एकतर मी, नाहीतर त्या वाघिणी. आणि मार्लिस बॅग घेऊन गेली बहिणीकडे. आता शनिवारी—”

एवढं कानावर आलं आणि पोस्टातली कुजबूज थांबली. (मी आत शिरले की आमच्या गावात कुजबूज थांबतेच. लोक माझ्या वयाचा मान राखतात, असं मी धरून चालते.)

शनिवारी काय? वकील? मी तडक घरी आले आणि लाईलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं, “शेजारच्या टॉलेफसनांचा संसार मोडतोय!”

“तू त्यात पडू नकोस, व्हर्ना.”

“मी कुठे पडतेय? फक्त कॅसरोल नेऊन देतेय.”

आमच्या ऑरेगॉनमध्ये मयत असो, आजारपण असो की घटस्फोट, पाद्र्याच्या आधी शेजारणीचं कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेलं जेवण, पोचलं पाहिजे. मी मॅकरोनी-चीजचा मोठा ट्रे भाजला आणि निघाले.

मार्लिसचा नवरा डेल घरी नव्हता. मासे धरायला गेला होता. (बायकोने टाकलेला माणूस, जाणार कुठे?) किल्ली कुंडीखाली, फ्रीझर तळघरात. ट्रे ठेवून परत फिरायचं, एवढंच ठरवलं होतं.

पण तळघर बघितलं आणि पाय हलेना. भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबलं, त्यावर डोंगर, पाईनची झाडं, काड्यापेटीएवढी घरं, लाकूड कापायची सॉमिल आणि रुळांवर उभी मालगाडी. इंजिनामागे फळ्या वाहणाऱ्या तेवीस बंद वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, प्रत्येक जेमतेम वीतभर. आणि घाण तरी किती! गंजाचे ओघळ, काजळी, चिखल, दारांवर खडूच्या रेघोट्या. मार्लिस का गेली ते मला लख्ख कळलं. डेलने जन्मभर सॉमिलमध्ये खऱ्या वाघिणींत फळ्या भरल्या, आणि निवृत्त होऊन तोच खेळ मांडून बसला. बरं, बसलास तर बस, पण फडकं मारायला काय होतं?

संसार वाचवायला असं लागतं काय? कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. दोन तास घासत होते. तेविसावी वाघीण लालबुंद निघाली तेव्हा मला भरून आलं.

तेवढ्यात जिन्यात डेल उभा.

“व्हर्ना… काय केलंस हे?”

“आभार नंतर मान. आधी मार्लिसला फोन लाव. म्हणावं, घाण गेली, घरी ये.”

डेल मटकन पायरीवर बसला. “ती घाण मार्लिसनेच लावली होती.”

“काय?”

“दोन हिवाळे खपली त्यावर. सुईएवढा ब्रश, समोर जुने फोटो, एकेक ओघळ मोजून. शनिवारी अशा छोट्या आगगाड्यांची स्पर्धा आहे. तीन वर्षं त्या दातांच्या डॉक्टरकडून हरतेय ती.”

“पण गाडी तुझी ना?”

“माझी? एकतीस वर्षं वाघिणी भरून पाठ गेली माझी! मला वाघीण डोळ्यांसमोर नको असते!”

वीस वर्षांचा शेजार. खोकी तळघरात नेताना मी डेलला पाहिलं आणि गाडी त्याचीच असं ठरवून मोकळी झाले. (मार्लिस काहीतरी सांगायला तोंड उघडायची, नाही असं नाही. पण माझं बोलणं चालू असायचं.)

“मग ते ‘एकतर मी, नाहीतर वाघिणी’?”

“मी म्हणालो होतो. लग्नाच्या नवव्या वर्षी. तिने विचार करायला वेळ मागितला. अजून उत्तर नाही.”

“आणि बॅग?”

“हा पसारा न्यायला बहिणीकडून ट्रेलर आणायला गेलीय. उद्या येईल.” त्याने चकचकीत वाघिणींकडे पाहिलं. “तिला वाटेल मीच धुतल्या. पाठीचा सूड म्हणून. व्हर्ना, आता मात्र ती उत्तर देईल.”

म्हणजे बातमीतलं जे खोटं होतं तेही मी खरं करायला निघाले होते!

दुसऱ्या दिवशी मार्लिस आली. मी दारातच म्हटलं, “मी धुतल्या.” (माझ्या आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण.) तिने एक वाघीण उचलली, हुंगली.

“लिंबाचा साबण?”

“हो.”

“डेल, तू नाहीस ना यात?”

“शपथ घेतो.”

“बरं. व्हर्ना, तू घरी जा.”

तासाभराने ती आमच्या दारात. हातात ब्रश आणि रिकामी बाटली. वाटलं, आता मार बसतो.

“ओव्हन उघड तुझा.”

“अगं, तो जरा…”

“माहितीये. म्हणूनच.”

तिने गुडघे टेकले, टॉर्च लावला, मुंडकं आत घातलं आणि आतून आनंदाने ओरडली, “डेल! पळत ये! अगदी त्या फोटोंतली, छप्पन सालची काजळी आहे रे!” संध्याकाळपर्यंत ती काजळी खरवडून बाटलीत भरत होती, वाघिणींना लावायला.

शनिवारी मार्लिसला पहिलं बक्षीस मिळालं. दातांचा डॉक्टर दुसरा. परीक्षक माईकवर म्हणाले, “असा थर रंगाने येत नाही. वर्षानुवर्षं कोणी हात लावला नाही तरच साचतो. मार्लिस, आणलात कुठून?”

मार्लिस खोटं बोलत नाही. तिने तिसऱ्या रांगेकडे बोट केलं. सगळं सभागृह वळलं, टाळ्या सुरू झाल्या, आणि मी उठून हात हलवला.

(लाईल म्हणतो, उठायची गरज नव्हती.)