सुरुचीबाईसाहेबांनी रेतीवर पाय ठेविला त्याची हकीकत

ज्या मुलखास समुद्र नाही त्या मुलखातील माणसे समुद्राकडे जावयास कैसी सिद्ध जाहली, आणि घराचा उंबरा ओलांडण्यापूर्वीच त्यांजवर कैसा बाका प्रसंग गुदरला, ते वर्तमान ऐकणारांनी सावधचित्ते ऐकावे. जे घडले ते लिहिले आहे. पदरचे घातले ते भाजीस मीठ घालितात तितुकेच.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, नागपूर शहरी, हुडकेश्वराचे परगण्यात, दुसरे मजल्यावरील दोन खोल्या आणि एक गॅलरी इतुक्या दौलतीवर अश्विनराव नामे गृहस्थ नांदत होते. मिहानात संगणकाची चाकरी करीत. त्यांचे कुटुंब दीप्तीबाईसाहेब; रामदासपेठेत रक्त तपासणारांचे लॅबमध्ये त्यांचा शब्द चाले. अश्विनरावांचे वडील धोंडबा मूळचे उमरेडकर. चाळीस वर्षे हातमागावर लुगडी विणिली, मग माग मोडला आणि लेकापाशी येऊन राहिले. लेक-सून चाकरीस गेली की घराचा दिवसभरचा सुभा त्यांजकडे. आणि या सर्वांवर हुकमत चालविणार सुरुचीबाईसाहेब, अश्विनरावांची कन्या, उमर वर्षे सव्वादोन, दात सोळा, मर्जी घटकेघटकेस निराळी.

दीप्तीबाईसाहेबांचे पोटात एक गोष्ट होती. वय एकतीस जाहले तरी समुद्र दृष्टीस पडला नव्हता. नऊ वर्षांमागे लॅबमधील पायल नामे सखीने सहज पुसिले, तेव्हा "पाहिला ना, लहानपणी" ऐसे तोंडून निघोन गेले, आणि गेलेला शब्द माघारी येईना. मग लग्न ठरतेसमयी अश्विनरावांसही तेच सांगितले. मग दर उन्हाळ्यास पायलने कोकणचे फोटो दाखवावे आणि बाईसाहेबांनी ओळखीचे गाव असल्यागत मान हलवावी, ऐसे चालिले होते. यंदा मात्र बाईसाहेबांनी कंबर बांधिली. चार दिवसांची रजा दोहोंकडून मंजूर करविली, अलिबागेपलीकडील एका गावी समुद्रकाठी खोली मुक्रर केली, रेलगाडीची तिकिटे काढिली, आणि मग घरात मसलतीस बसल्या.

मसलतीत धोंडबांनी पहिलीच तोफ डागिली.

"पाणीच पाहाचं हाय ना? मंग अंबाझरी काहून चालत नाही? सकाळी गेलं, दुपारी घरी."

"बाबा, तो तलाव हाय. हा समुद्र हाय," सून म्हणाली.

"खारं पाणी. ना पेता येत, ना भाजीत टाकता येत."

ऐसे बोलून धोंडबांनी आपण येणार नाही हे जाहीर केले आणि चिवड्यातील शेंगदाणे वेचावयास लागले. तिघांचीच स्वारी ठरली. येथवर सर्व बंदोबस्त यथास्थित होता.

मग आदितवारी, निघावयास पंधरा दिवस बाकी असता, सुरुचीबाईसाहेबांची स्वारी बगिच्यात गेली. तेथे घसरगुंडीचे पायथ्याशी रेती पसरिली होती. अश्विनरावांनी कन्येची चप्पल उतरविली आणि तिला रेतीवर ठेवू गेले. पाय टेकण्यास चार अंगुळे बाकी होती, तोच सुरुचीबाईसाहेबांनी दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले, आणि "नाई! पायाले नाई! चावते!" ऐसी गर्जना केली, की बगिच्यातील आजीमंडळ योगासन सोडोन उभे राहिले. दुसरे खेपेस पित्याचे गळ्यास मिठी मारिली ती घरी येईतो सोडिली नाही. शर्टाची गुंडी एक पडली.

ते दिवशी सायंकाळी अश्विनरावांनी आपले मत कळविले ते ऐसे, की लग्नाचे लॉनवर ओल्या गवतास पाय लागला तेव्हा पोरीने दोन तास आकांत केला आणि आपण दोघे न जेवता परतलो हे विसरू नये. समुद्रकाठी तो रेतीवाचून जागा नाही. चार दिवस पोर कडेवर घेऊन उभे राहाणे ही सहल नव्हे, पहारा आहे. सबब तिकिटे रद्द करावी आणि पचमढीस जावे, तेथे डांबरी रस्ता आहे.

दीप्तीबाईसाहेब कणीक मळीत होत्या. हात थांबला. मग परातीकडे पाहातच बोलल्या,

"मी समुद्र पाहिलाच नाही. कधीच नाही. खोटं सांगतलं होतं तुम्हाले."

अश्विनराव म्हणाले, "मले माहीत हाय."

"कसं काय?"

"तू नेहमी म्हणते, पाणी किती निळं राहते म्हणून. मी कॉलेजच्या ट्रिपमधी गेलो होतो तिकडे. पाणी मटमैलं राहते, दीप्ती. चहावानी."

बाईसाहेबांस रडू येत होते आणि हसू आले, त्यामुळे दोन्ही नीट जाहले नाही. इतकी वर्षे हे ठाऊक असोन नवऱ्याने एकदाही तोंडावर आणिले नाही, हे मनास लागले, आणि बरेही वाटले. अश्विनरावांनीही तिकिटे रद्द करण्यासाठी उघडिलेला फोन उपडा ठेविला आणि मुदत बांधून दिली, की पुढील आदितवारचे सायंकाळपर्यंत पोरीने रेतीवर उभे राहावे, न राहिल्यास पचमढी. बाईसाहेबांनी कणकेचे हाताने मान्य केले.

मोहिमेस सोमवारी आरंभ जाहला. समोरचे घरी कृष्णकांत नामे शेजारी वरता मजला चढवीत होते आणि त्यांचे दारापुढे कन्हान नदीचे रेतीचा ढीग पडला होता, पुरुषभर उंच. बाईसाहेबांनी परवानगी घेऊन तेथील परातभर रेती गॅलरीत आणविली, आणि चमचा, वाटी, चाळणी ऐसी सामग्री मांडिली. सुरुचीबाईसाहेब प्रसन्न जाहल्या. परातीबाहेर बसोन त्यांनी रेती चाळिली, वाटीत भरिली, आबांचे, म्हणजे धोंडबांचे, चहात घातली. परंतु पायाचा अंगठा परातीचे काठास लागता तत्काळ "यक्क!" म्हणोन पाय धुवावयास न्यावे ऐसा हुकूम सोडीत. बुधवारी मोजे चढवून परातीत उभे करावे ऐसी तजवीज केली. सुरुचीबाईसाहेब उभ्या राहिल्या, चार पळे राहिल्या, मातेने श्वास रोखिला. मग मोज्यातून गारवा आत शिरला, आणि मोजा जो भिरकाविला तो खालील वाटसरूचे डोईवर पडला. गुरुवारी फोनवर समुद्र दाखविला. तो फार आवडला. "पुन्ना!" म्हणोन अकरा वेळा पाहिला. पाय मात्र मांडीखाली घट्ट दुमडोन.

शनिवारी दीप्तीबाईसाहेबांनी लॅबमध्ये चुकीचे नळीवर चिठ्ठी लाविली, वेळीच ध्यानात आले म्हणून निभावले. मनी हेच घोळे, की आपले पोरीस भय वाटते त्या जागी आपले हौसेसाठी तिला ढकलावे, हे कोणते आईपण? घरी येताना निश्चय केला, की उद्याची सकाळ पाहावी, आणि नाही जमले तर पचमढीचे नाव आपणच काढावे. नवऱ्यास काढू देऊ नये.

आदितवार उजाडला. थंडी होती. बाईसाहेब कन्येस कडेवर घेऊन ढिगापाशी उभ्या, मागे धोंडबा दूध घेऊन येत होते, आणि कृष्णकांत आपले दारात दात घाशीत होते. कृष्णकांतांनी चूळ टाकून सहज म्हटले,

"काहून बळजबरी करता वहिनी? घाबरट हाय पोरगी. राहते एखादी."

हा शब्द धोंडबांचे कानी पडला. पंधरा दिवस समुद्राचे नाव काढिता तोंड फिरविणारे धोंडबा जागीच थांबले. दुधाची पिशवी सुनेचे हाती दिली. चपला काढून एकीवर एक ठेविल्या.

"घाबरट कोणाले म्हणता गा?" इतुकेच बोलले, आणि मग त्या बहात्तर वर्षांचे पुरुषाने धोतर खोचून ढिगावर चढाई केली, आणि मधोमध बैठक मारून दोन्ही पाय गुडघ्यापावेतो रेतीत गाडून घेतले, आणि वरून रेती सारखी केली, जैसी मागाचे खड्ड्यात पाय सोडून चाळीस वर्षे बसले तैसेच बसले. बाईसाहेबांस वाटले, आता नातीस बोलावतील, आमिष दाखवतील. धोंडबांनी नातीकडे पाहिलेच नाही. इकडेतिकडे पाहून मोठ्याने म्हणाले,

"अरे बापा! माहे पाय कुठी गेले?"

सुरुचीबाईसाहेब सावध जाहल्या. मातेचे खांद्यावरून मान काढून निरखिले. आबा होते. आबांचे गुडघे होते. पुढे काही नव्हते.

"आबा, पाय?"

"हरवले वं. आता घरी कसा येऊ मी? तुले खिचडी कोण चारीन?"

"आबाचे पाय गेये," ऐसी खबर बाईसाहेबांनी मातेस दिली. मुद्रा गंभीर जाहली. मग कडेवरून खाली सोडावे म्हणोन अंग ताठ केले. दीप्तीबाईसाहेबांनी सोडिले. पायात बाहेरची चप्पल होती ती ढिगाचे कडेस रुतली आणि निघाली, तिकडे कोणी पाहिले नाही. एक उघडा पाय रेतीवर पडला. सर्व हुडकेश्वर स्तब्ध जाहले, निदान दीप्तीबाईसाहेबांस तैसे भासले. "चावते," ऐसे कन्येने हळूच म्हटले.

"मलेबी चावून राहिली," धोंडबा म्हणाले. "पण पाय नाही सापडले तं काय करू सांग?"

मग दुसरा पाय पडला. मग सुरुचीबाईसाहेब चार पायांवर चढ चढोन गेल्या, आणि दोन्ही हातांनी खणावयास लागल्या, आणि रेती आबांचे मिशीत, आपले केसात, कृष्णकांतांचे मंजनात उडाली, आणि अंती एक काळा, भेगाळलेला अंगठा बाहेर आला.

"सापय्या!" ऐसा जो जयघोष केला तो गॅलरीत अश्विनरावांस ऐकू गेला. ते गालावर साबण तैसाच ठेवून खाली धावत आले, आणि पाहातात तो कन्या रेतीत उभी राहून आबांस दुसरा पाय पुन्हा लपविण्याचे फर्मान देत आहे.

यानंतर अश्विनरावांचे पाय हरवले आणि सापडले. दीप्तीबाईसाहेबांचे हरवले. रेती वर कोरडी होती, आत गार आणि ओलसर; बाईसाहेबांस प्रथम अंगावर काटा आला आणि कन्येचे म्हणणे खरे आहे, चावते, हे उमगले. मग लहान बोटे घोट्याभोवती खरवडू लागली. बाईसाहेबांनी डोळे मिटून घेतले. कृष्णकांतांचे पाय घेण्याचीही आज्ञा जाहली. त्यांनी आपले मिस्त्री वाट पाहातात ऐसी सबब सांगितली, ती अमान्य जाहली, आणि दारातील चार पाट्या रेती रस्त्यावर गेली असताही त्यांनी मुकाट्याने चप्पल काढून पाय दिले. धोंडबांनी त्यांजकडे एकवार पाहिले.

घरी जाण्याचा प्रस्ताव सुरुचीबाईसाहेबांनी तीन वेळा फेटाळिला. चौथे वेळी त्यांस आडव्या उचलोन न्यावे लागले, आणि बगिच्यातील गर्जनेहून मोठी गर्जना जाहली, ती रेतीतून काढिल्याबद्दल.

दुपारी अश्विनरावांनी वडिलांस विनंती केली, की बाबा, आता तुम्हीही चलावे, आणखी एक तिकीट मिळते का पाहातो. धोंडबांनी पाय गरम पाण्याचे बादलीत बुडविले होते.

"मी काहून येऊ? दोन वर्षं झाले मी इच्यामागं धावून राहिलो. चार दिवस तुम्ही हरवा तुमचे पाय. मी झोपतो."

यावर सून हसली, आणि उठोन बादलीत आणखी गरम पाणी घातले.

येणेप्रमाणे मार्गशीर्ष मासी, आदितवारी, प्रहर दिवस चढता, कन्हानचे रेतीचा ढीग सर जाहला. सुरुचीबाईसाहेबांनी उभयपदी ताबा घेतला, पचमढीचा विचार रहित जाहला, तिकिटे कायम राहिली, आणि फौजेचे केसातील रेती मंगळवारपावेतो निघत होती. ही फत्ते नोंदविली असे. समुद्रास अद्याप वर्दी गेलेली नाही.