डिझेल, सीएनजी आणि पप्पांची सुट्टी

पिकअप घ्यायची हे अमृतच्या घरात दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं. अडलं होतं फक्त एवढ्यावर, की इंजिन कुठलं?

अमृत मुंबईत मालकाची पिकअप चालवायचा. सुट्टीवर माण तालुक्यातल्या आपल्या वाडीत आला, की पहिल्या चहाचा कप खाली ठेवायच्या आत वाद सुरू व्हायचा.

"डिझेल," त्याचे वडील अर्जुना आबा म्हणायचे. "गाडी म्हंजी वढ पायजे, वढ! चढावर गाडीनं मागं वळून बघाय न्हाई पायजे."

"सीएनजी घ्या," त्याची बायको संयोगिता आतून ओरडायची. "मिळवलेलं सगळं टाकीतच वतायचं, तर घरात काय आणायचं?"

आई हरणाबाईंचा दोन्ही पक्षांवर विश्वास नव्हता. "इंजिनचं मला काय बी सांगू नगा. माझी मेंढरं बाजारापतूर झोपत गेली पायजेत. थरथर कापत न्हाई."

त्यात शेजारचा भाऊसो कुंपणावरून मान काढायचा. "आरं अमृता, आता करंटवरची गाडी निघालीया! चार्जिंग लावायचं आन सोडायची."

"आन लाईट गेल्यावर?"

भाऊसो जरा विचार करायचा. "मग ढकलायची."

अमृत सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि म्हणायचा, "समद्यांचंच बरोबर हाय. जरा अजून बघू." आणि हे 'जरा अजून बघू' होईस्तोवर सुट्टी संपायची. दिवाळीला असंच झालं, यात्रेला असंच झालं. इंजिन काही ठरायचं नाही आणि अमृत पुन्हा मुंबईच्या गाडीत बसायचा.

या सगळ्यात अमृतच्या मुलीला, प्रांजलला, कुणी काहीच विचारलं नव्हतं. तिला डिझेलही चालणार होतं आणि सीएनजीही. फार काय, गाडी शेणावर चालली असती तरी तिची हरकत नव्हती. तिला फक्त पप्पा घरी हवे होते. पण ती आता दहावीत होती, आणि नुकतीच वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून जगातला कुठलाही प्रश्न आपल्याला सुटू शकतो अशी तिची खात्री पटली होती. या वेळी सुट्टी संपायला दोन दिवस उरले तरी घरात 'वढ' आणि 'टाकी' चालूच राहिलं, तेव्हा तिनं पप्पांचा मोबाईल उचलला. साताऱ्याच्या एका शोरूमच्या जाहिरातीत सीएनजी पिकअपखाली लिहिलं होतं, 'चाचणीसाठी गाडी घरी बोलवा.' प्रांजलनं बटण दाबलं. मग तिला आबांची दया आली. न्याय म्हणजे न्याय! तिनं सांगलीच्या एका शोरूमचं डिझेलचं बटणही दाबलं. दोघांपैकी एक तरी येईल, असा तिचा हिशेब होता.

रविवारी सकाळी दोघेही आले.

साताऱ्याच्या बाजूनं पांढरी पिकअप आली. सांगलीच्या बाजूनं निळी आली. मेंढरांच्या वाड्यापुढं दोघी एकमेकींना नाक लावून उभ्या राहिल्या. पांढरीतून इस्त्रीच्या शर्टातला अनीश उतरला, निळीतून गॉगल लावलेला शौनक.

"अमृत सर कोण?" दोघांनी एकदमच विचारलं.

अमृत दारात ब्रश करत उभा होता. जन्मात कुणी त्याला सर म्हटलं नव्हतं. त्यानं मागं वळून बघितलं, की आपल्यामागं कोण उभं आहे.

"सर, सीएनजी बघा," अनीशनं सुरुवात केली. "डिझेल म्हणजे धूर, खर्च आणि खडखड."

"ऐका सर," शौनक म्हणाला. "सीएनजी म्हणजे पंपावरच्या रांगेत म्हातारपण. केस काळे घेऊन जाल, पांढरे घेऊन याल."

"ह्यांना बोलवलं कुणी?" अमृतनं फेस थुंकून विचारलं. प्रांजल एकाएकी फार मन लावून अंगण झाडू लागली. तेवढ्यात आबा काठी टेकत दोन्ही गाड्यांना प्रदक्षिणा घालून आले.

"रिकामी गाडी काय बघायची?" ते म्हणाले. "रिकामी गाडी तर माझी म्हातारी बी वढंल. लोड टाका, मग कळंल."

"आमची गाडी कितीही लोड घेईल!" शौनक म्हणाला.

"आमची त्याच्यापेक्षा जास्त घेईल!" अनीश म्हणाला.

ही दोन वाक्यं वाडीत ऐकू जातील एवढ्या मोठ्यानं बोलायला नको होती.

हरणाबाईंना माळापलीकडच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची होती. त्यांनी पांढऱ्या गाडीचं इंजिन चालू करायला लावलं, कान दिला आणि म्हणाल्या, "ही गुणाची हाय. वरडत न्हाई." मेंढरं सीएनजीत चढली. कुंपणावरून भाऊसो आला, "चाचणीच हाय न्हवं? मग माझे डाळिंबाचे क्रेट टाका की निळीत. तेवढंच वजन!" डाळिंबं उतरवून होतात तोवर नाथाजी धावत आला. त्याच्या पुतणीचं लग्न होतं आणि शेजारच्या गावातून मोठी पातेली आणायची होती. मग कुणाची पेंड, कुणाची पाण्याची टाकी, कुणाचं दुरुस्तीला न्यायचं कडबाकुट्टीचं यंत्र. आळीपाळीनं दोन्ही गाड्या अमृत चालवत होता, आणि शेजारी बसलेला अनीश किंवा शौनक नाही म्हणू शकत नव्हता. कारण एकानं नाही म्हटलं असतं तर दुसरा लगेच म्हणाला असता, "बघा सर, यांची गाडी दमली."

"पण ही टेस्ट ड्राइव्ह किती वेळ चालते?" उन्हं डोक्यावर आल्यावर अनीशनं हळूच विचारलं.

"आवं, आमी काय रोज गाडी घेतो व्हय?" नाथाजी मागून पातेल्यांत बसून म्हणाला. "नीट बघूनच घेतली पायजे."

मेंढरांची दुसरी खेप घेऊन पांढरी गाडी माळाच्या चढाला लागली आणि निम्म्यावर थांबली. मागून निळीत शौनक आणि घरचे सगळे, मोटरसायकलवर भाऊसो असे येतच होते. अनीशनं काटा बघितला. सीएनजी संपला होता. अडीनडीला थोडं पेट्रोल असतं, पण ते तो येतानाच वापरून बसला होता.

"पंप कुठंय जवळ?" त्यानं विचारलं.

"जवळ म्हंजी तुमच्या साताऱ्याकडंच," आबा म्हणाले आणि संयोगिताकडं असं बघितलं, जणू निवडणूक जिंकली.

शौनकला एवढा आनंद झाला, की त्यानं गॉगल काढला. स्वतः दोर बांधला, निळी गाडी पुढं लावली आणि ओरडला, "बघा सर! साताऱ्याला सांगली ओढतेय!" सांगलीनं साताऱ्याला ओढलं खरं, माथ्यापर्यंत ओढलं. माथ्यावर निळ्या गाडीनं दोन आचके दिले आणि तीही गप्प झाली. सकाळपासून टाकीचा लाल दिवा लुकलुकत होता. पण दिवा लागलाय म्हणून सांगितलं तर गाडी जास्त तेल खाते असं वाटेल, म्हणून शौनकनं त्यावर रुमाल टाकला होता.

आता भर उन्हात, उघड्या माळावर, दोराला बांधलेल्या दोन कोऱ्या गाड्या उभ्या होत्या आणि आतून मेंढरं बें बें करत होती.

"माझी लेकरं भाजली गं बाई!" हरणाबाई ओरडल्या. भाऊसो मोटरसायकलवरून डिझेलचा कॅन आणायला पळाला. शौनक फोनवर साहेबांना काहीतरी पटवत राहिला. अनीश मात्र बाह्या सारून वर चढला आणि एकेक कोकरू उचलून खाली देऊ लागला. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाचं जे व्हायचं ते झालं. मेंढरं खाली उतरली, आबांच्या मागं चालू लागली आणि पायी पायी मुक्कामाला पोचलीसुद्धा. गाड्या तिथंच होत्या.

अमृत दगडावर बसला. "बघितलंस?" तो प्रांजलला म्हणाला. "म्हणून म्हणतो, घाई न्हाई करायची. दोन्हीत खोट हाय. पुढल्या सुट्टीला बघू."

प्रांजल त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. वक्तृत्वातलं एकही वाक्य आठवेना. मग ती भाषण सोडून नुसतंच बोलली.

"पप्पा, खरं सांगा. तुमाला इंजिनाची भीती वाटती का दुसरी कशाची?"

अमृतनं एक खडा उचलून दोराकडं भिरकावला. "गाडी घेतली आन काम न्हाई मिळालं, तर? दारात उभी ऱ्हाईल ती. इथं कोण बोलवणार मला? मुंबईत निदान मालक हाक तरी मारतो."

तेवढ्यात नाथाजी घाम पुसत आला. "अमृता, मंगळवारी पातेली परत न्यायची हायत. सकाळी येतूस न्हवं?"

"आरं, गाडी माझी न्हाई."

"मग कवा घेतूस? दहिवडीची गाडी बोलवली की ती उद्या म्हणती आन परवा येती. तवर माझा नवरदेव म्हातारा व्हायचा."

त्याच्यामागं पेंडवाला होता. त्याला दर आठवड्याला खेप हवी होती. कडबाकुट्टीवाल्याला यंत्र परत आणायचं होतं. गाड्या अडकल्याचं बघायला वाडीतले जेवढे लोक आले, त्या प्रत्येकाला अमृतकडून काहीतरी कुठंतरी न्यायचं होतं. भाऊसो कॅन घेऊन परतला तेव्हा तो गाडीवरून उतरायच्या आधीच ओरडला, "अमृता, डाळिंब पुढच्या तोड्याला बी तुझ्याकडंच! बाजारातल्या आडत्याला सांगून आलोय!"

"कोण कोण बोलवणार ते मोजा आता," प्रांजल म्हणाली. अमृतनं मोजलं नाही. पण तो दगडावरून उठून उभा राहिला.

निळीनं पांढरीला ओढत दारात आणलं आणि संध्याकाळी अंगणात पिठलं-भाकरी खाताना दोन्ही पाहुण्यांनी शेवटचा जोर लावला. दिवसभरात दोघांनाही वारं कुठल्या बाजूचं आहे ते नीट कळलं होतं. फक्त प्रत्येकाला ते वेगळं कळलं होतं.

"सर, आमच्याकडे डिझेलपण आहे," अनीश म्हणाला. "खरं सांगू? सीएनजी म्हणजे रांगेत म्हातारपण."

"वहिनी, सांगलीत आमच्याकडे सीएनजी आहे," शौनक संयोगिताला म्हणाला. "डिझेल म्हणजे नुसता धूर, खर्च आणि खडखड!"

संयोगितानं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "दादा, मला बी सीएनजीच पायजे हुती. पण आज दुपारी त्या पंपाची वाट मी बघितली. पंप हिकडं येऊ द्या, मग बघू. सध्या डिझेलच घेऊ."

"घ्या, पण ह्याच्याकडनं," हरणाबाईंनी अनीशकडं बोट दाखवलं. "त्यानं माझी कोकरं खांद्यावरनं उतरवली. आन मागं रबर टाकून दे रं बाबा, थरथर नको."

शौनकची भाकरी तोंडातच राहिली. "ओढली मी... आणि विकली यानं?"

"आवं, नाराज हू नका," भाऊसो त्याच्या कानाशी लागला. "तुमच्याकडं करंटवरची हाय का?"

तेवढ्यात अमृतचा फोन वाजला. मुंबईचे मालक. सगळे फोनकडं सरकले. अमृतनं स्पीकर लावला, कारण हात पिठल्याचा होता.

"काय रे, उद्या सकाळी येतोयस ना?"

अमृतनं एकदा प्रांजलकडं बघितलं. "न्हाई मालक. मी हितंच गाडी घेतोय. माझी सोताची."

 प्रांजलनं हातातली भाकरी खाली ठेवली. रागावतील? पगार अडवतील? पप्पा घाबरून 'बघू' म्हणतील?

"कुठलं इंजिन?" मालकांनी विचारलं.

"डिझेल."

"अरे वेड्या! सीएनजी घ्यायची! तुला इतकी वर्षं काय शिकवलं मी?"

"ओ शेठ, चढाला वढ लागती, वढ!" आबांनी फोनच ओढून घेतला. "तुमच्या मुंबईत चढ हाय का एक तरी?"

मग अनीश बोलला, शौनक बोलला, भाऊसो करंटवर आला, आणि मालकांनी तर हिशेबाला कागद-पेन मागवलं. पप्पा मुंबईला परत कधी येणार, हे मात्र त्या गदारोळात पुन्हा कुणीच विचारलं नाही.

प्रांजल हळूच आत गेली. मुंबईची बॅग दाराशी तयार होती. तिनं चेन ओढली, पप्पांचे शर्ट एकेक करून बाहेर काढले आणि कपाटात स्वतःच्या कपड्यांशेजारी लावायला सुरुवात केली.