पलंगाचा कोट

बायको आठवडाभर भावाकडे गेली आणि मास्तरांनी मनावर घेतलं.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. दुकान बंद करून चार वर्षं झाली होती, पण गळ्यातली टेप अजून उतरली नव्हती. त्यांच्या पलंगाच्या डोक्याशी लोखंडी गज होते. बायको रोज उशाशी टेकून वाचायला बसे आणि रोज तिचं डोकं गजावर ठण्णकन आपटे. "अहो, याचं काहीतरी करा ना," असं ती लग्नाच्या वर्षापासून सांगत होती. मास्तर "करतो" म्हणत होते. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती.

गजांवर गादीसारखं मऊ हेडबोर्ड बसवायचं ठरलं. प्लायवूडची फळी आली, फोम आला. अडलं ते कापडावर. घरात जाड कापड एकच, ट्रंकेत तळाशी ठेवलेलं. गडद निळं, लोकरीचं, सुटाचं. ते मेहुण्याचं होतं, बायको ज्याच्याकडे गेली होती त्याचंच. तीस वर्षांपूर्वी त्याने ते आणून दिलं होतं. "भाऊजी, लग्न ठरलं की शिवा," असं म्हणून तो गेला, आणि लग्न काही ठरलं नाही. तेव्हापासून घरात सगळे त्याला नवरदेव म्हणत. आता नवरदेव एकसष्ट वर्षांचे होते.

मास्तर दोन दिवस ट्रंकेभोवती घुटमळले. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या कापडातली चिंधीसुद्धा त्यांनी घरात ठेवली नव्हती. दुकानाच्या पाटीपेक्षा त्यांना त्याचाच अभिमान मोठा. पण हे गिऱ्हाईक आता कसलं येतंय! तिसऱ्या दिवशी त्यांनी खडू उचलला.

हात टेलरचा, त्यामुळे फळीला त्यांनी माणसासारखंच वागवलं. आधी मापं घेतली, मग फोमवर कापड ताणून मागून पिना ठोकल्या. बारा बटणं आरपार टाके घालून घट्ट ओढली. उजव्या कडेला बायकोच्या चष्म्यासाठी झाकणाचा खिसाही शिवला. मग सगळं गजांना पट्ट्यांनी आवळलं आणि दोन पावलं मागे सरकून पाहिलं. पलंग साहेब दिसत होता.

तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, बसलात का उभे आहात?"

"उभाय. का गं?"

"मग बसा. नवरदेवाचं लग्न ठरलं!"

मास्तर बसले. खुर्ची नव्हती तिथे बसले.

"खरंच सांगते! त्याच्या ऑफिसातल्याच बाई आहेत. येत्या रविवारी. आम्ही दुपारच्या बसने निघतोय, तो कापडाचंच म्हणत होता. आहे ना हो नीट?"

"आहे," मास्तर म्हणाले. "अगदी ताणून ठेवलंय."

फोन ठेवून त्यांनी एक बटण कापून पाहिलं. खाली सुईची दोन भोकं. भोकांच्या असल्या बारा जोड्या पाठीवर घेऊन नवरदेव लग्नाला उभा राहणार? त्यांनी बटण मुकाट्याने परत शिवलं. उरलेलं कापड मोजलं, तर जेमतेम पँट निघत होती. नुसती पँट घातलेला मेहुणा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. घाईघाईने त्यांनी हेडबोर्डवर चादर टाकली.

संध्याकाळी दोघं आली. बसच्या प्रवासाने नवरदेवाची कंबर धरली होती. "ताई, जरा पडतो गं," म्हणत तो थेट पलंगाकडे गेला आणि टेकला. चादर घसरली.

बायकोने कापड पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"आई गं!" नवरदेव म्हणाला.

मास्तरांनी डोळे मिटले.

"काय सुख आहे हो भाऊजी! तुम्ही केलंत?" तो निळ्या कापडावरून हात फिरवत होता. "माझं ते कापड जवळपास असंच होतं, नाही?"

"जवळपास," मास्तर पुटपुटले.

"मग त्याचं असंच एक करून द्या मला."

"आणि सूट?"

"तेच सांगायला आलोय. ती म्हणते, या वयात सूट घातलात तर मी हसत सुटेन. साधा शर्ट घाला. पण तिची मान दुखते हो, आणि माझा पलंग नुसता भिंतीला. रविवारच्या आत होईल का?"

बायकोच पुढे झाली.

"होईल की! तुझं कापड त्यांनी आजच बाहेर काढलंय. काय हो?"

"उद्या सकाळी तयार," मास्तर म्हणाले.

सकाळी पट्ट्या सोडून तेच हेडबोर्ड टेंपोत चढलं. पँटपुरता तुकडा आणि पसाभर चिंध्या मास्तरांनी पिशवीत घालून नवरदेवाच्या हातात दिल्या. "मोजून घ्या," ते ताठ मानेने म्हणाले.

"भाऊजी, हा खिसा कशाला हो?"

"चष्म्याला," बायको म्हणाली आणि वळून आत गेली.

थोड्या वेळाने आतून आवाज आला. ठण्ण!

"अहो!"

मास्तर ट्रंकेशी गेले. तळाला आता एकच कपडा उरला होता, त्यांचा स्वतःचा लग्नातला कोट. पोटावर तो गेली वीस वर्षं मिटत नव्हता. त्यांनी कात्री घेतली, कोट उलटासुलटा करून पाहिला आणि कात्री खाली ठेवली. मग कोट पलंगाच्या गजांना पाठमोरा घातला, मागे बटणं लावली आणि आत उरलेला फोम कोंबला.

एक टाकासुद्धा उसवावा लागला नाही. कोट पलंगाला अंगाबरोबर बसला.

बायको हळूच टेकली. काही वाजलं नाही. तिने पुस्तक मिटलं, हात मागे नेऊन गजांमधून चाचपलं आणि चष्मा कोटाच्या खिशात ठेवला.