गणपूर्तीअभावी पाय

उधन्याच्या कारखान्यात चिंधाच्या पायाला यंत्रमागाचा पत्रा लागला आणि जखमेत जंतू शिरले. नेहमीच्या औषधांना ते जुमानेनात. पाय वाचावा एवढंच मागणं घेऊन त्याची बायको सरलाबाई इस्पितळाच्या बाकावर बसून राहिली.

डॉक्टर हर्षदाबाईंनी तिला धीर दिला. समुद्रातल्या लाल शेवाळापासून काढलेलं औषध चाचणीसाठी आलं होतं. जंतू म्हणे एकेकटे असले की गुमान बसतात, पण एकमेकांना सारखे निरोप धाडतात, आणि पुरेसे जमल्याची खात्री पटली की मिळून तुटून पडतात. हे औषध त्यांना मारत नाही, निरोपच पोचू देत नाही. मग लाखोंच्या गर्दीत बसलेल्या प्रत्येक जंतूला वाटतं, आपण एकटेच. औषध फ्रिजमध्ये तयार होतं. फक्त मंजुरी समितीची बैठक व्हायची होती, आणि तिच्या गणपूर्तीसाठी निम्मे सदस्य हजर लागत.

सदस्य आले, अगदी वेळेवर आले. पहिले साहेब खोलीत डोकावले, कोणीच आलेलं नाही हे पाहून गुजरातीत "कोई आव्युं नथी?" म्हणाले आणि चहा घेऊन गेले. मग दुसरे आले, रिकामी खोली पाहून तेही चहा घेऊन गेले. आत्ताच एक साहेब येऊन गेले, थांबा, बोलावून आणते, असं सरलाबाई प्रत्येकाला विनवी. परंतु सदस्यांच्या उपस्थितीची माहिती रुग्णाच्या नातेवाइकाकडून स्वीकारण्याची तरतूद नव्हती. बैठक तहकूब झाली. पुढची तारीख ठरवायलाही बैठकच लागत होती.

सगळे सदस्य असे एकेकटे कसे वागले, याचा वरिष्ठांना संशय आला. औषध चहात मिसळलं असावं, असा निष्कर्ष निघाला. चहा तपासायला गेला आणि फ्रिजला सील लागलं.

इकडे जखमेतल्या जंतूंची गणपूर्ती झाली. पाय काळा पडू लागला. त्याच औषधासाठी खोळंबलेल्यांचे नातेवाईक बाकांवर दाटीनं बसले होते. सरलाबाई शेजारच्या कुंदनला म्हणाली, "चाला ना भाऊ, आपन समदाजन मोठा साहेबकडे जाऊत."

कुंदननं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच सांगितलं, "तुमनं बरोबर शे, वैनी. पन मी एकला काय करसू?"

मग बाकावरच्या प्रत्येकानं तिला बाजूला घेऊन हेच सांगितलं आणि तिच्या हिमतीचं कौतुकही केलं.

पाय कापायला समितीची मंजुरी लागली नाही. सरलाबाई ऊर फुटेस्तोवर रडली, आणि बाकांवरचा प्रत्येक जण आपापल्या जागी बसून राहिला.

पुढे चहाच्या तपासणीचा अहवाल आला. त्यात औषधाचा अंशही सापडला नाही. साधाच चहा होता, तुमच्या घरी रोज होतो तो.