चौघं एकदम

आमचे मोमीन सर स्वतःच्याच प्रयोगशाळेत चोरासारखे शिरतात. चप्पल बाहेर, श्वास रोखलेला, अन् आत कुणी शिंकलं तर संपलंच! "हालू नका हो गणपतराव, येऊन राहिलेत ते!"

ते म्हणजे प्रकाशाचे कण. लेझर स्फटिकावर पडला की कधीमधी कणांची जोडी निघते. सरांना एकाच क्षणी दोन जोड्या पाहिजेत, म्हणजे चौघांना एकमेकांत गुंतवता येतं. मग एकाला विचारलं की बाकीच्या तिघांचं उत्तर ठरलंच.

मी तिथला तंत्रज्ञ. चार वर्षं आरसे पुसून राहिलो. सर एका जागी बसतील तर शपथ! स्क्रू पिळ, आरसा हलव, घड्याळ बघ, पुन्हा स्क्रू. माझ्या कपातला चहा पिऊन टाकतात अन् वर मलाच विचारतात, "साखर कमी का?"

सरांची बायको, आमच्या भाभी, लातूरला शाळेत शिकवतात, सर इथं नांदेडला एका खोलीत. लातूरच्या कॉलेजात त्यांना जागा तयार होती. पण "चौघं आले की त्याच दिवशी येतो," असा शब्द देऊन बसले. भाभी मला फोन करायच्या. "गणपतभाऊ, आले का हो?" मी काय सांगणार, डोंबल!

परवा पाचला मी चहा घेऊन परतलो, तर पडद्यावर कण मोजणारा आकडा हाललेला. चारही एकदम! एक, दोन, सात! सरांनी मला कडकडून मिठी मारली. भाभींना लावायला फोन काढला अन् तसाच खिशात ठेवला.

"एकदा लेझर झाकून बघा," ते मला म्हणाले.

मी झाकला. आकडे चालूच! म्हणजे बाहेरचा उजेड कुठून तरी शिरून राहिला होता.

शोधलं. खिडकीवरच्या काळ्या कागदाला, सरांच्या डोळ्याच्या उंचीवर, नखानं पाडलेलं भोक. मी डोळा लावला. समोर थांब्यावर लातूरची बस.

"तुम्ही चहाला गेलात की बघतो," सर खाली मान घालून म्हणाले. "मग झाकतो. आज विसरलो."

माझं डोकंच फिरलं. "अहो, बघता काय? बसा की तिच्यात!"

"शब्द दिलाय, गणपतराव. काय सांगू तिला जाऊन?"

एवढा शिकलेला माणूस, अन् लई कीव आली मला त्यांची.

सरांनी चिकटपट्टी मागितली. भोकाला डोळा लावून बस वळणाआड जाईपर्यंत उभे राहिले, अन् मग पट्टीवर पट्टी लावून ते कायमचं बुजवून टाकलं.